साठ मिनिटांच्या आत

रत्नागिरी ते लातूर हे अंतर सरळ रेषेत तीनशे सहासष्ट किलोमीटर आहे. त्याच्या एका टोकाला मी आणि तात्या, माझे वडील, राहतो, दुसऱ्या टोकाला माझा थोरला भाऊ हर्षद राहतो, आणि गेली नऊ वर्षं हर्षद या अंतरामागे लपून बसला आहे.

तात्या न्हाणीघरात पडले तेव्हा तो लांब होता. तात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तो लांब होता. गॅस चालू ठेवून तात्या नाक्यावर जाऊन बसले आणि शेजाऱ्यांनी खिडकी फोडून घर वाचवलं, तेव्हाही फोनवर तेच. "केतकी, मी इतक्या लांबून काय करणार गं?" बसने अकरा तास लागायचे, हे खरंच होतं. मी त्या अकरा तासांना शिव्या घालायचे, भावाला नाही. इतकी मी बावळट होते.

मग टिटव्या आल्या.

टिटवी हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदावर ते एकोणीस आसनांचं विजेवर चालणारं विमान आहे, आणि त्यात वैमानिक नसतो. विजेवर विमान उडवण्यातली अडचण शाळकरी पोरालाही समजेल अशी होती. बॅटरी जड असते. एक किलो इंधनात जेवढी ऊर्जा असते, तेवढी साठवायला चाळीस किलो बॅटरी लागायची. शिवाय इंधन वाटेत जळून जातं आणि विमान हलकं होतं. बॅटरी उतरेपर्यंत तेवढीच जड राहते. म्हणजे विमानाने माणसं न्यायची सोडून स्वतःची बॅटरीच वाहून न्यायची.

दोन युक्त्यांनी हे सुटलं. पंखांना ताकद देणारे जे कार्बनचे धागे असतात, त्या धाग्यांतच वीज साठवता येऊ लागली. पंख तर वाहून न्यावा लागणारच होता, आता तोच बॅटरी झाला. दुसरी युक्ती धावपट्टीत होती. उड्डाणाच्या धावेला एका दमात भरमसाट वीज लागते, ती विमानाने खर्चायचीच नाही. धावपट्टीत पुरलेला चुंबकी पट्टा विमानाला ढकलत नेतो आणि गोफणीतून धोंडा सुटावा तसं ते हवेत सुटतं. त्यामुळे ज्या धावपट्ट्यांवर आठवड्यातून दोनदा विमान दिसायचं, तिथून दिवसभर टिटव्या उठू लागल्या. एसटीच्या स्टँडसारखी गर्दी, तसेच भोंगे, तसेच शेंगदाणेवाले.

अकरा तासांचा एक तास झाला. मी वेडी, मला वाटलं आता दादा येईल.

तो आला नाही. त्याच्यासारखे इतके लोक आले नाहीत की शेवटी कायदा करावा लागला. निकट अपत्य कायदा. ज्या अपत्याच्या गावाहून पालकाच्या गावी विमानाने साठ मिनिटांच्या आत पोचता येतं, ते अपत्य निकट. निकट अपत्यांनी आईबापांना आळीपाळीने, सहा सहा महिने, स्वतःपाशी सांभाळायचं. एकच निकट असेल तर त्याने एकट्याने. आणि ज्याची पाळी चालू आहे त्या निकट अपत्याला सलग तीन दिवसांपेक्षा जास्त काळ साठ मिनिटांच्या बाहेर जायची परवानगी नाही. साठाच्या पलीकडच्या अपत्याला दूरस्थ म्हणतात. दूरस्थाने आठवड्यातून एकदा फोन करायचा. बस, एवढंच. कायदा करणाऱ्यांच्या घरी बहुतेक सगळे दूरस्थ असावेत.

कुठल्या दोन गावांमध्ये किती मिनिटं, हे एक यंत्रणा ठरवते. वर्षभरातल्या सगळ्या उड्डाणांची सरासरी काढून ती प्रत्येक जोडीला एक आकडा देते. रत्नागिरी आणि लातूर या जोडीला तिने दिलेला आकडा होता साठ. ना आत, ना बाहेर. अशा जोड्यांना सीमावर्ती म्हणतात, आणि कोणी अर्ज केला तर प्रत्यक्ष उड्डाण करून मोजतात. मोजलेला आकडा अखेरचा. परत मोजणी नाही.

अर्ज मी करणार होते. मला घाई होती.

मी इथल्या एका समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांनी समुद्रातून आणलेल्या बाटल्या उघडते, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते आणि त्यातले तरंगते जीव मोजते. ज्या पाण्यातले जीव मला नावानिशी ओळखू येतात, ते पाणी मी कधी पाहिलेलं नाही. यंदा ऑगस्टच्या वीस तारखेला संशोधनाचं जहाज हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे निघणार होतं, सहा महिन्यांसाठी, आणि त्यावर माझी निवड झाली होती. वयाची अट पन्नास. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. पुढची सफर तीन वर्षांनी. म्हणजे माझ्यासाठी पुढची सफर नव्हतीच. हर्षद निकट ठरला तर पुढचे सहा महिने तात्या त्याच्याकडे आणि मी जहाजावर. तो दूरस्थ ठरला तर मी रत्नागिरीत, बाटल्यांसमोर, कायमची.

पण अर्ज मी करायच्या आधीच नोटीस घरी आली. हर्षदने अर्ज ठोकला होता. उड्डाणाची तारीख होती तेरा जुलै.

मी तडक फोन लावला.

"जुलैच का रे?"

"मिळाली ती तारीख घेतली."

"खोटं बोलू नकोस. तू पॉलिटेक्निकात शिकवतोस, वारा कुठून वाहतो ते तुला कळतं."

"कायद्यात कुठे लिहिलंय की जुलैत मोजायचं नाही?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत. लहानपणी माझी पाटी फोडून आईसमोर उभा राहायचा, तेव्हाही असाच शांत असायचा.

वाऱ्याची भानगड अशी. विमानाचा वेग हवेतला असतो, जमिनीवरचा नाही. आमच्या खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तोच माणूस, तेच हात, पण ओहोटीबरोबर जाताना होडी भुर्रकन जाते आणि ओहोटीविरुद्ध येताना दम निघतो. पावसाळ्यात टिटवीच्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. रत्नागिरीहून लातूरला जाताना तो पाठीशी असतो, त्रेपन्न मिनिटांत पोचता. लातूरहून रत्नागिरीला येताना तो छाताडावर, एकसष्टही लागतात, बासष्टही लागतात. आणि कायद्यात लिहिलंय, अपत्याच्या गावाहून पालकाच्या गावी. म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. माझ्या सख्ख्या भावाने बापाला टाळण्यासाठी अख्ख्या मोसमी वाऱ्याला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं.

"तात्यांना तुझ्याकडे न्यायचंय ना? मग मोजायचं तर इकडून तिकडे मोजा," मी म्हटलं.

"कायदा वाच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तात्या पडवीत खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांना ऐकू चांगलं येतं. आम्ही दोघं मात्र ते बहिरे असल्यासारखं बोलत आलो होतो.

"नोटीस दोघांना पन लागू झाली काय गो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बरा. दोन्ही बाजू हजर नसल्या तर मोजणी रद्द हुते."

तात्या छत्तीस वर्षं भूकरमापक होते. भावाभावांची जमीन मोजून हद्द ठरवून द्यायची, हे त्यांचं काम. शेवटी शेवटी हातात यंत्र आलं, पण आयुष्याचा मोठा भाग लोखंडी साखळीने मोजण्यात गेला. सुट्टीच्या दिवशी ते मला बरोबर न्यायचे, साध्या मोजणीत साखळीचं एक टोक माझ्या हातात असायचं. भांडणारे भाऊ बांधावर एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे. तात्या त्यांच्याच हातात साखळीची दोन टोकं द्यायचे. खरं तर त्यासाठी सरकारी माणूस असायचा, पण तात्यांची पद्धत ही. साखळी सैल धरली की झोळ पडतो आणि माप खोटं येतं. ती ताणायची तर दोन्ही टोकांनी सारखं ओढावं लागतं, आणि सारखं ओढायचं तर समोरच्याकडे बघावंच लागतं. कधी दहा वर्षांनी भाऊ भावाकडे बघायचा. हद्दीचा दगड पुरून झाला की तात्या पंचनामा मोठ्याने वाचायचे, एक शब्द न गाळता, आणि मग सह्या.

"लोकांना वाटतंय मी जमीन मोजतंय," ते एकदा मला म्हणाले होते. मग साखळी गुंडाळायला लागले.

तेरा तारखेला सकाळी आम्ही लातूरला गेलो. दोन्ही पक्ष आणि पालक तिघंही मोजणीच्या विमानात हवेत, असा नियम होता, म्हणून आधी तिकडे जाणं आलं. जाताना त्रेपन्न मिनिटं. ती कशातच धरली जाणार नव्हती. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ होतं आणि खिशात दोन पेनं होती. खिडकीतून ते शेतांचे तुकडे बघत होते, आणि मधूनच एखाद्या बांधावर बोट ठेवून नाराजीने मान हलवत होते.

लातूरच्या विमानतळावर पडताळणी अधिकारी आमची वाट बघत होत्या. बिराजदार मॅडम, पन्नाशीच्या, हातात फाईल, चेहऱ्यावर रोज भावंडांची भांडणं बघून आलेला कंटाळा. हर्षद आला तो दोन पोती घेऊन. तात्यांच्या पाया पडला. माझ्याकडे बघितलं नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"तूरडाळ. तात्यांसाठी. लातूरची डाळ त्यांना आवडते."

"नऊ वर्षांत एक किलो नाही पाठवलीस, आणि आज पन्नास किलो? मॅडम, हा विमानाचं वजन वाढवतोय. वजन वाढलं की वेग पडणार."

"आवं ताई," बिराजदार मॅडम फाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, "पन्नास किलोनं टिटवीला काय बी फरक पडत नाही. मागच्या आठवड्यात एकानं घरची गिरण आणली होती. तेचं बी काय चाललं नाही. बसा आता."

हर्षदचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आम्ही बसलो. एका बाजूला एकेक आसन, दुसऱ्या बाजूला दोन दोन. तात्या एकट्याच्या आसनावर, आम्ही दोघं भावंडं पलीकडे, शेजारी शेजारी, कोपर लागू नये म्हणून अंग चोरून. मॅडम पुढे. समोरच्या पडद्यावर घड्याळ होतं. पट्ट्याने विमानाला सोडलं त्या क्षणी ते सुरू झालं. धावपट्टीला चाकं टेकली की थांबणार होतं.

पहिली वीस मिनिटं आम्ही दोघं समोर बघत होतो. पडद्यावर जमिनीवरचा वेग दिसत होता, तीनशे ब्याण्णव, तीनशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे त्र्याण्णव. आकडा वर गेला की मी श्वास सोडायचे, खाली गेला की हर्षद सोडायचा. बापाच्या आजारपणात आम्ही कधी इतके एका तालात श्वास घेतले नव्हते.

"तुझं ते जहाज," शेवटी तो म्हणाला, "मजा मारायला जायचंय तर सरळ सांग ना. कायद्याच्या आड कशाला लपतेस?"

"मजा? नऊ वर्षं त्यांची धोतरं धुतेय मी."

"तुला कोणी सांगितलं होतं? ती तुझी निवड होती."

"निवड? आईचं तेरावं झालं त्याच दुपारी तू गाडी पकडलीस. उरलं कोण? मग मी काय निवडलं?"

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत. अर्पिताची आई असते."

"म्हणजे सासूला जागा आहे!"

"हळू बोल."

"का हळू? त्यांना माहीत नाही का?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. हर्षद माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज शांत नव्हता.

"सहा महिने मी त्यांच्याशी काय बोलू ते सांग मला. सुट्टीच्या दिवशी साखळीचं टोक धरायला ते तुला न्यायचे. मला कधी नेलं? एकदा तरी? मी दारात चपला घालून उभा राहायचो. 'तू अभ्यास कर.' केला अभ्यास. झालो प्राध्यापक. आता म्हणे त्यांना घेऊन जा."

"चाळीस वर्षांपूर्वी तुला शेतावर नेलं नाही म्हणून तू बापाला टाळतोयस?"

"तुला नाही कळणार. तुझ्या हातात टोक होतं."

त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. इथे लिहीत नाही. त्यानेही उलट बोलून घेतलं. पुढच्या रांगेतली एक प्रवासी बाई कानात बोळे घालून बसली. बोलता बोलता एक गोष्ट दोघांच्याही तोंडून निघाली, जवळजवळ एकाच वेळी, की तात्यांना ठेवून घेणं म्हणजे आयुष्य थांबवणं. "माझं" आयुष्य, असं दोघंही म्हणालो.

एक्कावन्नाव्या मिनिटाला विमान खाली यायला लागलं आणि आम्ही गप्प झालो, कारण घड्याळाकडे बघायचं होतं. सह्याद्री मागे पडला. ढगांतून बाहेर आलो तर खाली लाल कातळाचा सडा, पलीकडे समुद्र. सत्तावन्न. खाली वारा कमी झाला होता, वेग वाढला होता. हर्षदने पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली होती. अठ्ठावन्न. मी देवाला हाक मारली, आणि मला खात्री आहे की त्यानेही त्याच देवाला हाक मारली. एकोणसाठ. धावपट्टी समोर दिसत होती आणि तरी चाकं टेकत नव्हती.

टेकली. घड्याळ थांबलं.

एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद.

मी टाळी वाजवली. हे मी कबूल करते. बापाला भावाच्या गळ्यात घालता आलं म्हणून भर विमानात मी टाळी वाजवली, आणि मान वळवली तर तात्या माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. चुकीच्या जागी पुरलेला हद्दीचा दगड सापडला की ते असे बघायचे.

विमानतळाच्या एका खोलीत पंचनामा झाला. हर्षद बारा सेकंदांसाठी भांडत होता. घड्याळ पट्टा हलल्यापासून धरायला हवं होतं, पट्ट्याने सोडल्यापासून नव्हे. मॅडमनी त्याला नियमाचं पान दाखवलं. त्याने दुसरं पान काढलं. मी म्हणत होते, "सही कर दादा, हरलास, सही कर." तात्यांची खुर्ची आमच्या मधोमध होती आणि आम्ही तिच्यावरून वाद घालत होतो.

शेवटी हर्षदने सही केली, कागद फाटेल इतकं पेन दाबून. मी केली. मॅडमनी कागद तात्यांपुढे सरकवला. "इथं अंगठा दिला तरी चालतंय, आजोबा."

"अंगठा कशाला?" तात्यांनी चष्मा पुसून लावला आणि पंचनामा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. पक्षकार एक. पक्षकार दोन. अंतर. वाऱ्याची दिशा. उड्डाणाची वेळ, टेकण्याची वेळ. आम्ही तिघं उभे. मॅडमनी एकदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

एका ओळीवर ते थांबले.

"पालकाने निवडलेले वास्तव्याचे ठिकाण," त्यांनी वाचलं. "वरीलप्रमाणे. हे कोणी लिवलानी?"

मी लिहिलं होतं, पंचनाम्यातला तात्यांचा भाग भरताना. हर्षदच्या अर्जातही त्या ओळीत तेच होतं. नऊ वर्षांत तात्यांच्या नावाने जितके कागद भरले, त्या सगळ्यांत त्या ओळीत आम्ही हेच लिहीत आलो होतो. पहिल्या ओळीत माझा पत्ता, त्या ओळीत वरीलप्रमाणे. तो प्रश्न तात्यांना विचारलाय, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मॅडम, ही ओळ कोणाची?"

"तुमची, आजोबा. पालकाचा हक्क हाय तो. कुटं ऱ्हायचं ते पालक ठरवतो, मग त्या गावापर्यंत मिनिटं मोजायची."

"हां." तात्यांनी खिशातलं दुसरं पेन काढलं. 'वरीलप्रमाणे'वर सरळ रेघ मारली, रेघेवर सही केली, खाडाखोड केली की करतात तशी, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: गोंदिया.

"गोंदिया?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"माजी पैली नेमणूक तिकडंच व्हती. माजा साखळीवाला देवाजी मेश्राम हाय ना, तो तिकडं वृद्धांच्या निवासात असतोय. परवा फोन केलंय. खाट रिकामी हाय म्हनतो. गॅस दुसरा कोनतरी बगतो." मग ते मॅडमकडे वळले. "आता बगा मिनिटा. रत्नागिरीपासना आनि लातूरपासना."

मॅडमनी यंत्रात बघितलं. "रत्नागिरी-गोंदिया एकशे तीस. लातूर-गोंदिया एकोणऐंशी." मग आमच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "दोघं बी दूरस्थ."

"मी भायेरच्या फळ्यावर आदीच बगितला," तात्या म्हणाले. "झाला मग. ह्यो तुजा दगड, ह्यो तुजा. कोनाच्या पन हद्दीत मी येत नाय."

"तात्या, असं कसं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मी जिंकले होते! तुम्ही सहा महिने याच्याकडे..."

"गो बाय," तात्या म्हणाले, "तुला जाजावर जायचा हाय. जा. आता तुला कोन अडवत नाय."

त्यांनी कागद सरळ केला आणि सही केली.

लोकांना वाटेल मला आनंद झाला असेल. मला भयंकर राग आला. हर्षदचा आला, त्याच्या तोंडावर सुटका दिसत होती म्हणून. मग लक्षात आलं की माझ्या तोंडावरही तेच दिसत असणार. मग तात्यांचाच राग आला. नऊ वर्षं मी केलं, आणि शेवटी हिशोबात मी आणि तो सारखे? दोघंही दूरस्थ? हे मी त्यांना बोलूनही दाखवलं, त्यांची पिशवी भरताना, रोज, पंधरा दिवस. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ती निळी बंडी घाल पिशवीत." दोन ऑगस्टला, शनिवारी, ते गेले. विमानात चढताना त्यांनी वळून हात केला, बसला जाणारा माणूस करतो तसा.

घर रिकामं झालं. गॅस मी आता दोनदा बघते, बंद असतो. जहाजाची तयारी झाली. वीस तारखेपर्यंत मला कुठेही जायचं नव्हतं, आणि सोळाला शनिवार होता. रत्नागिरीहून गोंदियाला एकच टिटवी जाते, दर शनिवारी, लातूरमार्गे. एवढा पल्ला एका दमात झेपत नाही, म्हणून लातूरला पंचवीस मिनिटं थांबून पंख भरून घेते. मी तिकीट काढलं. कोणाला सांगितलं नाही.

लातूरला दार उघडलं आणि हर्षद आत आला. हातात डाळीची पिशवी, या वेळी दोन किलोची. मला बघून तो दारातच थांबला. मागचे लोक ढकलायला लागले तेव्हा पुढे आला. त्याचं आसन माझ्या शेजारचंच निघालं.

"तू कशी?" तो म्हणाला.

"तू कसा?" मी म्हटलं.

एकोणऐंशी मिनिटांत एवढंच बोलणं झालं. आणि एकदा तो म्हणाला, "पडदा ओढ, ऊन येतंय." मी ओढला नाही.

निवासाच्या मागे मोठं तळं आहे. त्याच्या काठावरच्या बाकावर तात्या आणि एक वाळकुडे म्हातारे बसले होते. देवाजी असणार. तात्या थोडे सावळले होते. आम्हाला दोघांना वाटेवरून एकत्र येताना बघून त्यांनी देवाजीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि देवाजी उठून आत गेले. आम्ही पुढे जाऊन उभे राहिलो, एक एका बाजूला, एक दुसऱ्या.

तात्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"किती लागला?"

"एकोणऐंशी मिनिटं," हर्षद म्हणाला.

"एकशे सत्तावन्न," मी म्हटलं. "लातूरचं थांबणं धरून."

"थांबणा धरायचाच." त्यांनी बोटांवर आकडे जुळवले. "म्हंजे दोघा पन साठच्या भायेर. कायद्यान् तुमाला यायची गरज नाय."

"नाही," हर्षद म्हणाला.

"आटवड्याला येक फोन केलात तरी भागतंय."

"हो," मी म्हटलं.

तात्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, सावकाश.

"मग आलात कशाला?"

मी हर्षदकडे बघितलं. तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता, मी काय सांगते ते ऐकायला.